मोबाइल, वायफाय आणि नेटवर्क: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"नेट चालत नाही" ही एकच तक्रार असते, पण तिच्यामागे वेगवेगळी कारणं असतात. कधी फोन आणि राउटर यांच्यातलं वायफाय अडतं, कधी राउटरपासून कंपनीपर्यंतची तार, कधी टॉवर, तर कधी कंपनीच्या पुढचं जग. नेमका कोणता टप्पा अडलाय हे ओळखता आलं की निम्मी दुरुस्ती तिथेच होते आणि पुष्कळदा नवा राउटर, नवा फोन किंवा महागडा प्लॅन घेण्याचा खर्च वाचतो. गिरगाव, दादर, भांडुप, मुलुंड, डोंबिवली इथल्या ओळखीच्या घरांतून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं वाचताना तो टप्प्यांचा विचार डोक्यात ठेवा.

वायफायच्या सगळ्या दांड्या दिसतात, तरी काही उघडत नाही. असं कसं?

कारण वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय हा फक्त तुमचा फोन आणि घरातला राउटर यांच्यातला रेडिओचा दुवा. दांड्या तेवढ्याच दुव्याची ताकद दाखवतात. राउटरच्या पुढे तार तुटलेली असली तरी दांड्या पूर्णच दिसणार.

तपासायची सोपी रीत अशी. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर टॅप करा. तिथे "गेटवे" किंवा "राउटर" असं लिहून पुढे एक आकडा असतो, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाका. राउटरचं लॉगिन पान उघडलं तर घरातलं जाळं ठणठणीत आहे, अडचण पुढे आहे. ते पानही उघडलं नाही तर दोष फोनमध्ये, वायफायमध्ये किंवा राउटरमध्येच. केबलवाल्याला फोन करण्याआधी एवढं केलंत तर त्याला नेमकं सांगता येतं आणि तोही लवकर येतो.

राउटर, मोडेम, ओएनटी… भिंतीवरच्या डब्यातलं काय कशासाठी?

आज मुंबईतल्या बऱ्याच घरांत फायबर थेट आत येतं. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार, तिच्यातून प्रकाश धावतो. तो प्रकाश विजेच्या संकेतांत बदलणारा डबा म्हणजे ओएनटी. एकच जोडणी घरातल्या सगळ्या उपकरणांना वाटून देतो तो राउटर. हल्ली दोन्ही एकाच डब्यात येतात, म्हणून गोंधळ होतो. मोडेम हा शब्द टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून नेट येत असे त्या काळातला. लोक अजून सवयीने या डब्यालाच मोडेम म्हणतात, कंपनीचा माणूसही म्हणतो, त्याने काही बिघडत नाही.

डब्यावरचे दिवे मात्र ओळखायला शिका. "लॉस" नावाचा दिवा लाल झाला किंवा लुकलुकायला लागला, तर प्रकाश डब्यापर्यंत पोहोचतच नाही. वायर कुठेतरी तुटली आहे, वाकली आहे किंवा तिचं टोक निघालं आहे. अशा वेळी राउटर दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. मागची पिवळी किंवा पांढरी पातळ वायर सोफ्याखाली चेपली गेली आहे का, झाडताना ओढली गेली आहे का, ते बघा. फायबर चिमटीत धरून घडी घालू नये. आतली काच तडकते आणि बाहेरून काही दिसत नाही. तिचं उघडं टोक डोळ्यांसमोर धरू नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

नेट मुंबईत येतं तरी कुठून? सॅटेलाइटवरून ना?

हा समज फार खोलवर रुजला आहे. परदेशाशी होणारी आपली जवळजवळ सगळी देवाणघेवाण समुद्राच्या तळावरून टाकलेल्या फायबर केबलमधून होते. देशात या केबल उतरण्याची दोन मुख्य शहरं म्हणजे मुंबई आणि चेन्नई. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा अनेक केबल जमिनीवर येतात. सी-मी-वी-४ ही मुंबईला सिंगापूरशी आणि दुसऱ्या बाजूने इजिप्तमार्गे युरोपशी जोडणारी केबलही मुंबईत उतरते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात ही आणि फ्लॅग अशा दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतातलं नेट कित्येक दिवस रखडत चाललं होतं.

मुंबईचं या विषयाशी जुनं नातं आहे. १९८०च्या दशकात जुहूची एनसीएसटी ही सरकारी सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि पवईचं आयआयटी या संस्था अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या सुरुवातीच्या भिडूंपैकी होत्या. सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने सेवा सुरू केली तेव्हा.

आता एक महत्त्वाची गोष्ट. तुम्ही पाहता ते प्रत्येक दृश्य अमेरिकेतून येत नाही. लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती ऐरोली, महापे, रबाळे, चांदिवली अशा ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये किंवा थेट तुमच्या कंपनीच्या यंत्रांत ठेवलेल्या असतात. शिवाय देशातल्या कंपन्यांनी एकमेकांची वाहतूक देशातच वळवावी यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली, तिचं एक केंद्र मुंबईत आहे. म्हणूनच समुद्रात केबल तुटते त्या दिवशी व्हिडिओ नीट चालतो, पण परदेशातल्या ऑफिसचा सर्व्हर मात्र उघडायला वेळ लावतो.

एक फोटो पाठवला की तारेतून नेमकं काय जातं?

अख्खा फोटो एकदम जात नाही. त्याचे छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. एका पॅकेटमध्ये साधारण १,५०० बाइट मावतात, म्हणजे ३ एमबीच्या फोटोचे दोन हजारांच्या आसपास तुकडे. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेत काही हरवले तर तेवढेच पुन्हा मागवले जातात. रेंज खराब असते तेव्हा फोटो ९० टक्क्यांवर येऊन अडकल्यासारखा वाटतो, तो याच पुन्हा मागवण्यामुळे.

आयपी पत्ता म्हणजे काय? माझ्या फोनचा आणि शेजाऱ्याच्या फोनचा पत्ता सारखाच दिसतो, हे कसं?

सारखा दिसणं अगदी बरोबर आहे. आयपी पत्त्याची जुनी पद्धत, आवृत्ती ४, ३२ बिटांची. तिच्यात सगळे मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते होतात. जगातल्या उपकरणांना ते पुरत नाहीत. म्हणून १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते फक्त घरातल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत आणि ते कुणीही, कितीही घरांत वापरू शकतं. सोसायटीचं उदाहरण घ्या. पोस्टमनला सोसायटीचा पत्ता पुरतो, "३०२ नंबर" प्रत्येक सोसायटीत असतो आणि आलेलं पत्र नेमकं कोणत्या ३०२ मध्ये द्यायचं ते गेटवरच्या वहीत बघून ठरतं. राउटर ती वही ठेवतो. बाहेर सगळ्या घरासाठी एकच पत्ता दिसतो, आत प्रत्येक फोनला वेगळा. फोन वायफायला जोडला की हा आतला पत्ता राउटर आपोआप देतो.

मोबाइल डेटावर हेच आणखी मोठ्या प्रमाणात होतं. कंपनी हजारो ग्राहकांना बाहेर एकाच पत्त्यामागे ठेवते. त्यामुळेच एखादी वेबसाइट तुम्ही काहीही न करता "तुमच्या पत्त्यावरून फार विनंत्या आल्या" म्हणते.

नवी पद्धत म्हणजे आयपी आवृत्ती ६. ती १२८ बिटांची असल्यामुळे पत्त्यांची टंचाई उरत नाही. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर ती मोठ्या प्रमाणात चालू आहे. तुम्हाला त्यासाठी काही करावं लागत नाही.

गावच्या घरी कॅमेरा लावलाय. मुंबईतून बघायचा तर "स्टॅटिक आयपी" घ्यावा लागेल असं दुकानदार म्हणतो.

स्टॅटिक आयपी म्हणजे कधी न बदलणारा, फक्त तुमचा बाहेरचा पत्ता. बहुतेक वेळा तो लागत नाही. आजचे वायफाय कॅमेरे स्वतःहून त्यांच्या कंपनीच्या सर्व्हरला जोडून घेतात, तुमचा फोनही त्याच सर्व्हरला जोडतो आणि चित्र मधून जातं. स्टॅटिक आयपी लागतो तो जुन्या पद्धतीच्या रेकॉर्डरला थेट बाहेरून गाठायचं असेल तर. कोकणातल्या घरी नेट फोर-जी राउटरवरून घेतलं असेल तर तो कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे असतो, तिथे बाहेरून थेट शिरता येतच नाही. कॅमेरा घेताना एवढंच विचारा: हा ॲपवरून, कोणत्याही नेटवर चालतो का? हो असेल तर पैसे वाचवा. आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, ही गोष्ट मी हात जोडून सांगतो.

पाऊस सुरू झाला की आमचं नेट जातं. फायबर असूनही का?

काचेच्या तारेतल्या प्रकाशाला पावसाचं भय नाही. बिघडतं ते तिच्या आजूबाजूचं.

सगळ्यात आधी वीज. तुमच्या घरात लाइट असली तरी केबलवाल्याचा स्विच, म्हणजे घराघरांत जोडणी वाटणारं यंत्र, शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या पेटीत असतो. तिथली वीज गेली, बॅटरी संपली की पूर्ण आळी बंद. दुसरं, जोड. वायरी जिथे जोडल्या आहेत त्या पेटीत पाणी शिरलं, टोकावर ओल आणि मळ साचला की प्रकाश क्षीण होतो. तिसरं, इमारतीपासून इमारतीपर्यंत वरून ओढलेल्या तारा. वाऱ्यात झाडाची फांदी पडते आणि तार घेऊन जाते. पावसाळ्याआधीच्या रस्ता-गटाराच्या खोदकामातही जमिनीखालची वायर तुटते.

अजूनही काही जुन्या सोसायट्यांत गच्चीपासून घरापर्यंत निळी किंवा करडी तांब्याची लॅन वायर असते. वीज कडाडली की तिच्यातून उच्च दाबाचा झटका शिरून राउटरचं पोर्ट, म्हणजे वायर खोचायची खाच, जळतं. फायबरमधून हा झटका येत नाही, कारण काच वीज वाहून नेत नाही. तुमच्याकडे तांब्याची वायर असेल तर जोरदार गडगडाटाच्या वेळी ती राउटरमधून काढून ठेवणं शहाणपणाचं. आणि केबलवाल्याकडे घरापर्यंत फायबर आणण्याचा आग्रह धरा. बरेचजण तेवढ्याच पैशांत करून देतात, फक्त कुणीतरी मागावं लागतं.

राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. खरेदीआधी राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेला व्होल्ट-अँपिअर आकडा जुळवून घ्या. घरून काम करणाऱ्यांना तो पावसाळ्यात फार उपयोगी पडतो, अर्थात केबलवाल्याच्या पेटीची वीज चालू असेल तरच.

मोठ्या पावसात मोबाइलही भरवशाचा राहत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात शहराच्या मोठ्या भागात मोबाइल सेवा कोलमडली होती. टॉवरलाही वीज लागते. जून उजाडण्याआधी फोनमध्ये मुंबईचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहून ठेवा. डेटा अडला असताना साधा एसएमएस पुष्कळदा निघून जातो, कारण त्याला फार थोडी जागा लागते.

राउटरमध्ये दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक "५जी" लिहिलेलं. कोणतं घ्यायचं?

आधी एक गैरसमज दूर करू. राउटरवरचं "५जी" म्हणजे ५ गिगाहर्ट्झ ही वायफायची लहर. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी तिचा संबंध नाही.

२.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतून बरी पार होते, पण तिचा वेग कमी आणि तिच्यात खूप दाटी. चाळीत किंवा एकाला एक लागून असलेल्या इमारतींत फोनवर वायफायची यादी उघडा, वीस-तीस नावं सहज दिसतात. या लहरीत एकमेकांवर न चढणारे चॅनेल फक्त तीन: १, ६ आणि ११. म्हणजे वीस-तीस राउटर तीन चॅनेलवर आळीपाळीने बोलतात. त्यात मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही तिथेच. मुंबईतल्या दाट वस्तीत रात्री नऊ-दहाला नेट मंदावतं, त्यामागे कंपनीइतकीच ही दाटीही कारणीभूत असते.

५ गिगाहर्ट्झला चॅनेल भरपूर, वेग जास्त, पण आरसीसीची एक भिंत मध्ये आली की जोर ओसरतो. गंमत अशी की दाट वस्तीत हाच तिचा फायदा ठरतो: शेजाऱ्याची लहर तुमच्या घरात फारशी शिरत नाही. त्यामुळे माझा सल्ला स्पष्ट आहे. ज्या खोलीत राउटर आहे तिथे आणि लागून असलेल्या खोलीत फोन, टीव्ही, लॅपटॉप ५ वर. लांबच्या खोलीतला फोन, स्मार्ट बल्ब, कॅमेरा, जुना प्रिंटर २.४ वर. पुष्कळ कॅमेरे आणि बल्ब ५ ओळखतच नाहीत, म्हणून जोडताना "डिव्हाइस सापडत नाही" येतं.

२.४ साठी राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडा. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर कागदावर वेग वाढतो आणि प्रत्यक्षात शेजाऱ्यांशी टक्कर वाढते.

राउटर कुठे ठेवावा?

उंचावर, उघड्यावर, घराच्या मध्याजवळ. टीव्हीच्या मागे नको, लोखंडी कपाटावर नको, फ्रिजच्या आडोशाला नको, माशांच्या टाकीजवळ नको. धातू लहर परतवतो, पाणी ती शोषतं. केबलवाला दारापाशी जिथे वायर संपते तिथेच डबा ठोकून जातो. दोन-चार मीटर वायर जास्त मागून घ्या.

वन बीएचकेला एक चांगला राउटर पुरतो. टू बीएचकेच्या शेवटच्या बेडरूममध्ये नेट येत नसेल तर लोक प्लगमध्ये लावायचा रिपीटर आणतात. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा एक लॅन वायर ओढून दुसरा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यासाठी, लावा. कॅट-५-ई वायर १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते, घराला ती भरपूर झाली.

प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण डाउनलोड १२ एमबी दाखवतं. फसवणूक आहे का?

नाही. कंपनी बिट मोजते, फोन बाइट मोजतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०० भागिले ८ म्हणजे १२.५. तुम्हाला पूर्ण वेग मिळतो आहे.

२०० चा प्लॅन घेतला तरी ९५ च्या पुढे जात नाही, ते का?

तीन जागा बघा. राउटरचं पोर्ट जुनं असेल तर ते १०० लाच थांबतं. वायरीतल्या आठ तारांपैकी चारच नीट जोडल्या असतील तरीही तसंच. किंवा फोन २.४ वर आहे. मोजणी नेहमी राउटरच्या खोलीत, ५ गिगाहर्ट्झवर, बाकी उपकरणं बंद ठेवून करा. तरीही कमी आलं तर मगच कंपनीशी बोला.

दादर स्टेशनवर संध्याकाळी फुल रेंज असते, तरी मेसेज जात नाही.

दांड्या सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतो. त्या टॉवरवर किती लोक आहेत हे दांड्या सांगत नाहीत. टॉवरची क्षमता तिथल्या सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी सहा-सातला दादरच्या पुलावर, गणपतीत लालबागला, ६ डिसेंबरला शिवाजी पार्क परिसरात, सामना सुटल्यावर चर्चगेटच्या बाजूला हेच होतं. मोठ्या गर्दीच्या दिवशी कंपन्या गाडीवरचे फिरते टॉवर आणतात, तरी ताण राहतोच.

अशा वेळी सेटिंगमध्ये फाइव्ह-जी बंद करून फोर-जीवर किंवा उलटं करून बघा, एका थरावर गर्दी कमी असू शकते. फोटो-व्हिडिओ नंतर पाठवा, मजकूर पाठवा. घरच्यांबरोबर गर्दीत जाताना भेटायची जागा आधीच ठरवा. खिशात थोडी रोकड असू द्या. गर्दीत यूपीआय अडकलं आणि पैसे गेले की नाही हे कळेना, तर घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. बँकेचा एसएमएस किंवा खात्याची नोंद बघा.

लोकलमध्ये बोलता बोलता कॉल तुटतो. उपाय?

गाडी पुढे जाते तसा तुमचा फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. एका डब्यातले शेकडो फोन एकाच वेळी सोपवले जातात, पुढचा टॉवर आधीच भरलेला असतो, मग काही कॉल गळतात. डब्याचं लोखंड लहर अडवतं. एसी लोकलची दारं-खिडक्या बंद असल्याने तिथे हे अधिक जाणवतं. जमिनीखालच्या मेट्रो ३ मध्ये तर वरच्या टॉवरची लहर पोहोचतच नाही. स्थानकात आणि बोगद्यात वेगळे अँटेना बसवले असतील तेवढीच सेवा. मेट्रोचं तिकीट, बैठकीची लिंक, मुलाच्या शाळेचा पत्ता, जे लागणार आहे ते खाली उतरण्याआधीच उघडून त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मोबाइलचं फाइव्ह-जी घराबाहेर येतं, आतल्या खोलीत फोर-जी होतं. फोन खराब आहे का?

फोन ठीक आहे. भारतात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालं आणि त्याचा मोठा भाग ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. लहर जितकी उच्च वारंवारतेची तितकी ती भिंतीत जास्त अडते. ७०० मेगाहर्ट्झची लहर आत शिरते, पण सगळ्या कंपन्यांकडे तो पट्टा नाही आणि त्यात वेगही कमी. आतल्या खोलीत फोन सतत फाइव्ह-जी शोधत राहिला तर बॅटरी उतरते. घरात वायफाय असेल तर वायफायवर राहा, नसेल तर घरापुरतं फोर-जी निवडून ठेवा.

तळमजल्यावर राहतो, कॉल लागतच नाही.

वायफाय कॉलिंग चालू करा. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये किंवा सिम कार्डच्या सेटिंगमध्ये असतं. तुमचाच नंबर, साधाच कॉल, फक्त टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो. समोरच्याला काहीही करावं लागत नाही. माझ्या मते जुन्या जाड भिंतींच्या इमारतींत राहणाऱ्यांसाठी ही फोनमधली सर्वांत उपयोगी सोय आहे, आणि ती माहीतच नसते.

नवीन फोनमध्ये सिम टाकलं. कॉल होतात, नेट नाही.

या क्रमाने बघा. मोबाइल डेटा चालू आहे का. दोन सिम असतील तर डेटासाठी रिचार्ज असलेलंच सिम निवडलं आहे का. हा दोष सर्वाधिक आढळतो. फोनची तारीख-वेळ बरोबर आहे का. ती चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. विमान मोड चालू करून अर्ध्या मिनिटाने बंद करा, फोन टॉवरकडे नव्याने नोंद करतो. तरीही नाही तर एपीएन बघा. एपीएन म्हणजे कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाण्याच्या दाराचं नाव. ते सहसा आपोआप भरतं. नसेल तर एपीएनच्या पानावरचा "डिफॉल्टवर आणा" हा पर्याय दाबा. यूट्यूबवर सांगितलेले "वेग वाढवणारे" एपीएन टाकू नका, त्यांनी वेग वाढत नाही.

व्हॉट्सॲप चालतं, पण काही वेबसाइट उघडत नाहीत.

डीएनएसचा दोष असू शकतो. वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी ही सेवा. अँड्रॉइडमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" मध्ये कुणी काही भरून ठेवलं असेल तर "ऑटोमॅटिक" करा. राउटरवर हवं तर ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे डीएनएस भरता येतात.

फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिला, दीड जीबी अर्ध्या तासात संपला!

लॅपटॉपला वाटतं आपण घरच्या वायफायवर आहोत, मग तो अपडेट उतरवतो, फोटो क्लाउडवर चढवतो. विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये "मीटर्ड कनेक्शन" चालू करा, हे बरंचसं थांबतं. एचडी व्हिडिओ तासाला १ ते ३ जीबी खातो, म्हणून दर्जा ४८० वर ठेवा. केबल जवळ असेल तर यूएसबी टेदरिंग वापरा, म्हणजे वायफायऐवजी केबलने फोनचं नेट लॅपटॉपला द्या. जोडणी स्थिर राहते आणि फोन चार्जही होतो. हॉटस्पॉटचा पासवर्ड किमान दहा-बारा अक्षरांचा ठेवा. लोकलमध्ये उघडा हॉटस्पॉट म्हणजे डब्याला दिलेलं आमंत्रण.

स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बँकेचं काम करावं का?

रेलटेलचं स्टेशन वायफाय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं. मोबाइल नंबर टाकून ओटीपी दिला की रोज पहिली ३० मिनिटं फुकट मिळतात. बातम्या, वेळापत्रक, मोठं डाउनलोड यासाठी जरूर वापरा. आज बँकांची ॲप सगळी देवाणघेवाण सांकेतिक करतात, त्यामुळे मधला माणूस पासवर्ड सहज वाचू शकत नाही. पण धोका बनावट नावाचा आहे: तसंच नाव देऊन कुणीही हॉटस्पॉट चालू करू शकतं आणि खोटं लॉगिन पान दाखवू शकतं. पैशाचं काम स्वतःच्या मोबाइल डेटावर करा. वापर झाला की ते नेटवर्क फोनमधून "विसरा", नाहीतर फोन उद्या त्याच नावाला आपणहून जोडेल. वायफायच्या पानाने बँकेचा पिन किंवा कार्डाचा नंबर मागितला तर लगेच बाहेर पडा.

शेजाऱ्याला वायफायचा पासवर्ड द्यावा का?

अडीअडचणीला द्यावा, पण राउटरवरचं गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, चालू करून त्याचा. जोडणी तुमच्या नावावर आहे, तिच्यावरून काही गैर झालं तर पहिली विचारणा तुमच्याकडे होते. राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा. राउटरच्या लॉगिनचा "ॲडमिन-ॲडमिन" हा पासवर्डही बदला.

अचानक सिमची रेंज पूर्ण गेली, बाकीच्यांची चालू आहे. रिचार्जही आहे.

हे हलक्यात घेऊ नका. टॉवरचा बिघाड असेल तर त्याच कंपनीच्या इतरांचंही बंद असतं. फक्त तुमचं बंद असेल तर सिम सैल झालं असेल, किंवा कुणी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढलं असेल. मग ओटीपी त्याच्याकडे जातात. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचारा, बँकेला खातं गोठवायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. फोन हरवला असेल तर पोलिसांत तक्रार करून संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक फोनच्या वेगळ्या ओळख क्रमांकाने, तो बंद करता येतो. हा क्रमांक आजच *#०६# दाबून पाहा आणि वहीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर तो शोधणं जड जातं.

कंपनी बदलायची आहे. कोणती चांगली?

अख्ख्या मुंबईसाठी एकच उत्तर नसतं. एकाच इमारतीत पूर्वेच्या खिडकीत एक आणि पश्चिमेच्या खिडकीत दुसरी चांगली चालते. तुमच्याच मजल्यावर, त्याच बाजूला राहणाऱ्यांना रात्री नऊ वाजता स्पीड मोजून दाखवायला सांगा. मग ठरवा. नंबर तोच ठेवायला मेसेजमध्ये इंग्रजीत PORT लिहून एक जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० वर एसएमएस करा. येणारा कोड चार दिवस चालतो, तो नव्या कंपनीला द्यायचा. कोड कुणी फोनवर मागितला तर देऊ नका.

कंपनी तक्रारच ऐकत नाही. ट्रायकडे जाऊ का?

ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरची नियामक संस्था, एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करून तिचा डॉकेट क्रमांक घ्या, क्रमांकाशिवाय फोन ठेवू नका. मुदतीत सुटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करा. ते मोफत असतं आणि प्रत्येक कंपनीला वेबसाइटवर त्याचा पत्ता द्यावा लागतो. तक्रारीत तारीख, वेळ, ठिकाण, लाल दिव्याचा फोटो, वायरीने घेतलेला स्पीड टेस्ट आणि गेटवेचं पान उघडत होतं की नाही हे लिहा. अशी तक्रार "तुमचा राउटर बंद-चालू करा" एवढं सांगून बंद करता येत नाही.